मावशीची बाजू

पुतणीचं पत्र माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली, बरेच दिवस पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही असं आमची ही येईल त्याला सांगत होती. ते खरंच होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. उत्तरं मी पुष्कळ लिहिली होती. पाठवलं मात्र एकही नव्हतं.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. घरात तिला सगळे पिटू म्हणतात. आता ती जनावरांची डॉक्टर आहे, माझ्यापेक्षा उंच आहे, घोड्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालते, तरी पिटूच. पत्राची सुरुवात तिनं अशी केली होती : ‘काका, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि काकूकडे फोन देता, म्हणून लिहितेय. आता हं म्हणायचं झालं तरी ते लिहून पाठवावं लागेल.’

ती ज्या संस्थेत नोकरी करते तिथे सापाच्या विषावरचं औषध तयार होतं. ते घोड्यांच्या रक्तातून निघतं. घोड्याला आधी अगदी थोडं आणि मग हळूहळू वाढवत विष टोचतात, तो मरणार नाही इतपतच. त्याचं शरीर त्या विषाशी झुंजायला शिकतं, आणि मग ते शिकलेलं रक्त काढून घेतात. त्यातला लाल भाग घोड्याला परत चढवतात, उरलेल्यापासून माणसांसाठी इंजेक्शनं बनतात. घोडा जरा सावरला की पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं.

पत्र होतं तिथल्या एका म्हाताऱ्या घोडीबद्दल. तिथे घोड्यांना नाव नसतं, नंबर असतो. पण या घोडीला तबेल्यातले सगळे मावशी म्हणायचे. इस्पितळात नव्या पेशंटच्या उशाशी बसून धीर देणाऱ्या मावशी असतात ना, तशी. नवा घोडा पहिल्यांदा सुईखाली आणायचा झाला की तिला त्याच्या शेजारी उभं करत. ती शेजारी असली की तो लाथा झाडत नसे.

आता मावशीच्या शिरा निकामी झाल्या होत्या. तिच्याकडून रक्त मिळणार नव्हतं. अशा घोड्याचं काय करायचं ते तिथली समिती ठरवते : मागच्या कुरणात सोडायचं, की इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. कुरण लहान आणि घोडे फार, त्यामुळे बहुतेक वेळा इंजेक्शनच दिलं जातं. मात्र संस्थेत एक जुनी रीत आहे. निर्णयाआधी त्या जनावराच्या बाजूनं बाहेरच्या एका माणसानं उठून बोलायचं. तो कुणाच्या नात्यातला असला तरी चालतं, कारण त्याला मत नसतं, फक्त तोंड असतं. रीत चांगली, पण बाहेरचं कुणी येईना, म्हणून शेवटी दाणा-वैरणीच्या कोठीवाल्यालाच उभं करू लागले. तो उठायचा, ‘जनावराच्या बाजूनं विशेष काही म्हणणं नाही’ असं वाचायचा आणि खाली बसून चहाची वाट बघायचा.

‘मावशीच्या बाजूनं तुम्ही बोलाल का?’ पिटूनं लिहिलं होतं. ‘बोलणार असाल तर तसं सहीनिशी कळवावं लागतं. आणि काय बोलाल तेही सांगा, कारण मला माझं टिपण लिहायचंय आणि मी अडकलेय. व्यवस्थापक म्हणतात, नव्या घोड्यांना शांत करायला ती लागते अशी एक ओळ लिहा, मी तिला कुरण देतो. ओळ खरी आहे. पण हातून लिहिली जात नाही. कामाची आहे म्हणून जगू द्या असं मी आज लिहिलं, तर उद्या बिनकामाच्या घोड्यासाठी काय लिहू? आणि नाही लिहिली तर मावशी जाईल. काका, तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत. सांगा.’

शिकवलं हेच, हे खरं. एका साध्या कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवत असे, दुपारच्या तासाला, पेंगुळलेल्या मुलांना. एक मत असं, की सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी करा आणि ज्यात सुख जास्त उरेल ते करा. दुःख घोड्याचं असो की माणसाचं, वजन सारखंच. दुसरं मत असं, की बेरीज कितीही चांगली येवो, कुणाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. तिसरं म्हणतं, चांगला माणूस अशा वेळी काय करील ते बघा आणि तसं करा. तरुणपणी मला हे तिसरं फार आवडायचं. पुढे पुढे तो चांगला माणूस विचारायला सापडेना.

मी पहिल्या मताप्रमाणे एक उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मताच्या बाजूनं ते खोडून काढलं. मग दोन्हींतल्या चुका दाखवणारं तिसरं लिहिलं. ते इतकं लांबलं की त्यात घोडी कुठे राहिली ते मलाच कळेना.

“पत्र लिहिताय की प्रबंध?” हिनं विचारलं. ती भाजी निवडत समोर बसली होती.

“अगं, प्रश्न सोपा नाही.”

“पोरीनं दोन गोष्टी विचारल्यात. येता का, आणि काय लिहू. येतो म्हणा.”

“येतो म्हटलं की बोलावं लागतं.”

“बोलायला काय झालं? माझ्याशी बोलता की.”

“तू ऐकत नाहीस म्हणून बोलता येतं.”

“हे मात्र खरं,” म्हणून ती पुन्हा भाजीकडे वळली.

माझं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मी हिच्याजवळ काढत नव्हतो. फार वर्षांपूर्वी मागच्या अंगणात वाळत घातलेली चादर खाली पडली होती. ती उचलताना हिला साप चावला. इस्पितळात पोचेपर्यंत तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी एकामागून एक औषधाच्या बाटल्या चढवल्या आणि सकाळी हिनं डोळे उघडून मला विचारलं, “दूध तापवलंत का?” पिटू तेव्हा शाळेत होती. ते औषध घोड्यातून येतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि मला वाटतं तिचं पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

म्हणजे बेरीज मांडायला बसलो की एका पारड्यात ही बसलेली असायची. बेरीज आपली बरोबरच यायची. आणि ती इतकी सहज बरोबर येते म्हणूनच मला तिचा भरवसा वाटेना. दुसऱ्या मताकडे वळावं, घोड्यांना साधन करू नये असं लिहावं, तर त्याचा अर्थ असा होत होता की त्या रात्री मी डॉक्टरांचा हात धरायला हवा होता. ते मला नुसतं लिहायलाही जमत नव्हतं. ज्याची बायको त्या औषधावर जगली, त्यानं त्या घोडीच्या बाजूनं कोणत्या तोंडानं बोलावं?

समितीची बैठक जवळ आली तशी हिनं माझी वाट बघणं सोडून दिलं. एका सकाळी मी आंघोळ करून आलो तर ती बाहेर जायची साडी नेसून, पिशवीत गाजरं भरत होती.

“कुठे?”

“मावशीला बघायला. तुम्ही पण चला. ज्या बाईबद्दल एवढं लिहिताय तिचं तोंड तरी बघा.”

“बाई नाही, घोडी.”

“तेच ते.”

दोन बसगाड्या बदलून आम्ही पोचलो. संस्थेचं आवार स्वच्छ होतं. लांबट बैठ्या इमारती, चुन्यानं रंगवलेली झाडं, औषधाचा आणि लिदीचा मिसळलेला वास. पिटू गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून फाटकाशी आली.

“काकू! यांना बांधून आणलंस का?”

“बांधायचं कशाला? पुस्तक पिशवीत टाकलं, आपले मागून आले.”

पिटू हसली, पण माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत प्रश्न होता. मी चष्मा पुसायला घेतला.

तबेल्याच्या मुकादमाला सगळे सरदार म्हणत, त्याच्या मिशांमुळे. तो पुढे झाला. “या सर, बरोब्बर वेळेला आलात. आज नव्या पोराची पहिली पाळी आहे. मावशीची कामगिरी बघायला मिळेल.” मग हळूच हिला म्हणाला, “काकू, गाजरं आत्ता दाखवू नका, नाहीतर कामगिरी गाजरांवरच होईल.”

नवा घोडा तांबूस होता, कोवळा, कातडी सारखी थरथरत होती. लोखंडी नळ्यांच्या अरुंद चौकटीत त्याला आणताना दोघं माणसं घामाघूम झाली. त्यानं मागचे पाय आपटले, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. मग सरदारानं मावशीला आणलं. करड्या रंगाची, पाठ खाली गेलेली, खालचा ओठ लोंबणारी. तिला कुणी ओढत नव्हतं. ती आपणहून शेजारच्या चौकटीत जाऊन उभी राहिली, मान लांब केली आणि त्या पोराच्या मानेजवळ नाकातून एक लांब श्वास सोडला. बस, एवढंच. थोड्या वेळानं त्याचे कान सैल पडले. पिटूनं सुई घातली तेव्हा तो हलला नाही.

“बघितलंत?” सरदार म्हणाला. “आम्हा चौघांचं काम ती एकटी करते, आणि विडीही मागत नाही.”

सगळे हसले. मलाही बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. ती त्याला घाबरू नकोस म्हणत होती. पण तिचं म्हणणं खरं होतं का? पुढे वर्षानुवर्षं त्याला हेच भोगायचं होतं, आणि त्याचा विश्वास बसला होता तो तिच्यावर. तिलाही एकदा असंच कुणीतरी सांगितलं असेल.

पिटू हात धुऊन आली आणि आम्ही तिघं कुंपणाशी उभे राहिलो.

“ती ओळ लिहून टाक,” मी म्हणालो. “तू काही खोटं लिहीत नाहीस.”

“आणि तो?” तिनं पलीकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात एक काळा घोडा आमच्याकडे पाठ करून उभा होता. “पुढच्या वर्षी त्याची पाळी. तो कुणालाही शांत करत नाही. चावतो. सरदाराच्या दंडावर खूण आहे. त्याच्यासाठी काय लिहू?”

“मग हे लिही, की इतकी वर्षं आपण त्यांचं रक्त घेतलं, आता सांभाळणं आपलं कर्तव्य आहे.”

“लिहिलं होतं, गेल्या खेपेच्या घोड्यासाठी. समितीनं वाचलं, ‘भावना योग्य आहेत’ असा शेरा मारला आणि त्याला झोपवलं.” ती काळ्याकडेच बघत होती. “काका, सुई मीच दिली. मला ते पुन्हा नुसतं योग्य भावना ठेवून करायचं नाही. मावशीला तर नाहीच. म्हणून तुम्हाला लिहिलं, आणि तुम्ही गप्प बसलात.”

ती रागावली नव्हती, हेच मला जास्त लागलं. मी म्हणालो, “पिटू, मला त्या समितीसमोर उभं राहायचा हक्कच नाही असं वाटतं. तुझी काकू...”

“माझं काय?” ही म्हणाली.

मग मला सांगावं लागलं. पारडं, बेरीज, डॉक्टरांचा हात, सगळं. कुंपणाच्या खांबाकडे बघत सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, ही दुखावली असेल.

“म्हणून इतके दिवस कागद फाडत होतात?” ती म्हणाली. “अहो, मी मेले असते तर बरं झालं असतं, असं लिहायची वेळ येईल म्हणून?”

“तसं नाही गं.”

“तसंच. आणि माझं काही विचारलंत का? मी रोज उठून जगतेय, मला त्याचा आनंद होतो, घोड्यांची आठवण झाली की जीव कळवळतो. दोन्ही होतं. त्यातलं एक खोटं असलं पाहिजे असं तुमच्या पुस्तकात आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. खरं तर आहे की नाही ते मला त्या क्षणी आठवेना.

“आणि चावत नाहीत एवढंच, बाकी तुम्ही तरी आता कुणाच्या कामाचे आहात? ठेवलंय ना घरात?”

पिटूनं तोंडावर हात धरला. मीही हसलो. तेवढ्यात सरदारानं मावशीला मोकळं सोडलं, आणि हिनं पिशवीतून गाजर काढलं.

मावशी आमच्याकडे यायला निघाली, पण वाटेत ती रिकामी झालेली चौकट होती. ती तिथे थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. ती आत शिरली, सुई टोचतात त्या बाजूनं मान वळवून पुढे केली आणि तशीच उभी राहिली. सर्वांत जवळ मीच होतो, त्यामुळे ती मान माझ्यापुढे आली.

मी जनावरांना हात लावणारा माणूस नाही. मांजर मांडीवर आलं तरी मी उठायची परवानगी मागतो. पण तिथे हात आपोआप गेला. कातडीखाली दोरीच्या गाठी असाव्यात तशी ती शीर लागली, टणक, जागोजाग जुन्या व्रणांची. घोडी शांत होती. वर्गात मी विचारलं असतं, याला संमती म्हणायची का? म्हणायची नाही. तिला जे कधी विचारलंच गेलं नव्हतं, त्याची तिला फक्त सवय झाली होती. मला तिथे एवढंच कळलं, की ती माझ्यापुढे जे धरून उभी होती ते मागायचं माझ्याजवळ काही कारण नव्हतं, आणि मागे जे घेतलं त्याबद्दल तिला सांगता येईल असंही काही नव्हतं.

“नको गं बाई,” ही जवळ येऊन म्हणाली. “झालं आता सगळं. हे घे.”

मावशीनं गाजर घेतलं. मग ती चौकटीतून मागे सरकत बाहेर आली, भिंतीलगत उन्हाचा एक पट्टा होता तिथे गेली, एक मागचा पाय सैल सोडला आणि डोळे अर्धे मिटले. त्या उन्हात ती नुसती उभी होती. त्या वेळी तिचा कुणालाही काही उपयोग नव्हता. ऊन सरकलं तशी तीही थोडी सरकली.

“रोज असंच करते का?” मी पिटूला विचारलं.

“रोज. ऊन या भिंतीवरून जाईपर्यंत. मग त्या काळ्याच्या जवळ जाते. तिला तो चावत नाही.”

परतीच्या बसमध्ये ही खिडकीला डोकं टेकून झोपली. घरी आल्यावर मी टेबलावरचे सगळे कागद उचलून ठेवले आणि एका बैठकीत पत्र लिहिलं. ते काही फार चांगलं उतरलं नाही, पण ते असं होतं :

‘चि. पिटू,

उशीर झाला. कारण तुला तिथे कळलंच.

व्यवस्थापकांना हवी ती ओळ लिही. खरी आहे, म्हणून लिही. ती लिहायला तुझं मन धजत नाही हे मला आवडलं, पण तत्त्व आपलं आहे आणि मान तिची. आपलं टिपण निर्मळ राहावं म्हणून तिनं मरावं, हे मला कुठल्याच मतात बसवता येत नाही. हा माझा दुबळेपणाही असेल. तसं असेल तर तू मला सांग.

पण तेवढ्यावर थांबायचं नाही. मी येतो. मावशीच्या बाजूनं बोलायला माझं नाव दे. मी तुझा काका आहे हे आधीच सांगून ठेव. सही खाली केली आहे.

काय बोलायचं ते असं. ती नव्यांना शांत करते, हे आपलं कारण झालं. आपण तिचं रक्त घेतलं म्हणून तिला सांभाळावं, हेही नीट पाहिलं तर आपलंच झालं. आपल्याला आपलं तोंड दाखवता यावं म्हणून. ते चुकीचं नाही, पण ती तिची बाजू नव्हे. तिची बाजू मला आज दिसली ती एवढीच, की तिला भिंतीलगतचं ऊन आवडतं, आणि त्या काळ्याचा शेजार आवडतो. उद्याही तिला ते हवं असेल. तिच्या जगण्याला आणखी कारण लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते का लागतं ते सांगावं, असं मी म्हणेन. हे मी काळ्याबद्दलही म्हणेन, म्हणजे पुढच्या वर्षी तुझ्या टिपणाआधी ते एकदा तिथे बोललं गेलेलं असेल. पुढच्या वर्षीही मी येईन. चावला तरी.

आणखी एक मी सांगणार आहे. माझी बायको या औषधावर जगली, आणि उद्या तिला पुन्हा साप चावला तर मी धावत जाऊन तेच औषध मागेन. हे झाकून घोडीच्या बाजूनं बोलणं मला जमणार नाही. कुणी म्हणेल, मग तुम्ही कोणत्या तोंडानं बोलता? मी म्हणेन, याच. या घोड्यांना विष टोचणं बरोबर आहे की नाही, याचं उत्तर मला अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत गप्प बसायचं, असं मी इतके दिवस केलं. मावशीला तितका वेळ नाही.

माझा आवाज बारीक आहे. समितीतल्या लोकांना जवळ बसायला सांग.

तुझा,
काका’

हिनं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, “लांब आहे, पण घोडी सापडते.”

“एक वाक्य जरा सैल वाटतंय. ‘आपलं तोंड दाखवता यावं’ हे. सकाळी परत एकदा लिहून...”

“चपला घाला.”

टपालपेटी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, किराणा दुकानासमोर. हिला मी एकटा जाऊन पत्र टाकीन याची खात्री नव्हती, म्हणून ती बरोबर आली. वाटेत दुकानदारानं हाक मारली, “काय सर, आज जोडीनं?” ही म्हणाली, “यांचं पत्र आहे. पळून जाऊ नये म्हणून आलेय.” पत्र की मी, हे त्यानं विचारलं नाही.

पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि माझा हात थांबला. मनात आलं, समितीतले लोक शिकलेले, अधिकारी माणसं. त्यांच्यासमोर मी उभा राहणार, माझ्या बारीक आवाजात बोलणार, आणि ते सगळं उन्हाच्या एका पट्ट्याबद्दल.

“काय झालं?” हिनं विचारलं.

“काही नाही. भीती वाटतेय.”

“वाटू दे,” ती म्हणाली, आणि माझ्या कोपराला हात लावून उभी राहिली.

मी पाकीट सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला.